गव्हाचा कायमचा उपास: बाहेर खाण्याचं पहिलं वर्ष

फेब्रुवारी २०२३ मध्ये सीलिअ‍ॅकचं निदान झालं (गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये रक्तातला आकडा पहिल्यांदा मर्यादेच्या आत आला. घरचं जेवण महिन्याभरात मार्गी लागलं. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी हे आपल्याकडे परकं नाही. वर्ष गेलं ते बाहेरच्या खाण्यात. पुण्यात नोकरी, महिन्यातून दोनदा फिरती आणि खिशाला परवडेल तेवढंच खायचं, अशा स्थितीत काय चाललं, काय फसलं आणि का फसलं, हे तारखांच्या क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात तपासणीपासून, कारण पहिली चूक तिथेच होते. शंका आली की लोक आधी पोळी बंद करतात आणि मग रक्त देतात. गहू सोडला की टीटीजी-आयजीए, म्हणजे या आजारात रक्तात वाढणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा, उतरू लागतो, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं आणि तपासणी खोटीच 'नॉर्मल' येते. त्यामुळे रक्त आणि एंडोस्कोपी दोन्ही होईपर्यंत रोजच्या पोळ्या चालू ठेवायच्या. टीटीजीबरोबर एकूण आयजीए (ही प्रतिपिंडं ज्या गटातली ते) मोजून घ्यावं. ते मुळातच कमी असलेल्या माणसाचा टीटीजी फसवा येतो. दोन्हीचे मिळून २,००० रुपये झाले, रिपोर्ट तीन दिवसांनी मिळाला. एंडोस्कोपीची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. बायोप्सीसकट जवळपास १०,००० लागले, लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा तुकडे घेतले आणि त्यांचा रिपोर्ट यायला आणखी आठवडा गेला. निदानासाठीची एंडोस्कोपी माझ्या विमा पॉलिसीत बसली नाही. आपल्या पॉलिसीत बसते का, हे आधीच विचारून ठेवा.

माझा टीटीजी २०० च्या वर होता. आमच्या लॅबमध्ये २० च्या आत नॉर्मल धरतात. प्रत्येक लॅबचं माप वेगळं असतं, म्हणून पुढच्या सगळ्या तपासण्या त्याच लॅबमध्ये करायच्या, नाहीतर आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

डॉक्टरांकडून त्याच दिवशी आणखी एक गोष्ट मागून घेतली: लेटरहेडवर मराठीत चार ओळींचं पत्र. 'यांना सीलिअ‍ॅक हा आजार असून गहू, जव व त्यांचे पदार्थ पूर्ण वर्ज्य आहेत. स्वतःचा डबा सोबत बाळगणे आवश्यक आहे.' 'बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी हॉटेलात, सिनेमागृहात, मंगल कार्यालयात सगळीकडे असते. वर्षभरात हे पत्र सात-आठ वेळा दाखवलं आणि एकदाही वाद झाला नाही. इंग्रजी पत्र मॅनेजरला पुरतं, पण दारावरच्या माणसाला मराठीच दाखवावं लागतं.

मार्च ते मे बाहेरचं काहीच खाल्लं नाही, चहा आणि शहाळं सोडून. असं करण्यामागे एक कारण आहे. आतडं शांत झालेलं नसताना कशाने त्रास झाला ते कळत नाही. तीन महिने पोट स्थिर झालं की मग नवा पदार्थ बाधला तर किमान अंदाज येतो. अंदाजच, कारण अनेकांना गहू पोटात जाऊनही काही जाणवत नाही आणि आतल्या आत इजा चालू राहते. मे महिन्यातला टीटीजी ९६ आला.

या तीन महिन्यांत घरात एकच मोठा बदल करावा लागला, तो दळणाचा. गिरणीत गव्हानंतर ज्वारी टाकली की जात्यात उरलेलं गव्हाचं पीठ पहिल्या किलो-दीड किलोत उतरतं. 'तांदळावर दळून द्या' असं सांगितलं तरी पाट्यावर, डब्यात, हवेत पीठ असतंच. पण आमच्या गिरणीत उपासाच्या दळणाचं जातं वेगळं आहे. राजगिरा, शिंगाडा, वरई त्यावर निघते आणि गहू त्याच्याजवळही येऊ देत नाहीत. गिरणीवाल्या काकांना विचारलं, 'माझी ज्वारी यावर निघेल का?' ते म्हणाले, 'ज्वारी उपासाला चालते का?' अर्थातच चालत नाही, त्यामुळे नकार मिळाला. शेवटी घरघंटी घेतली. पण उत्तर कुठे शोधायचं ते त्या नकारानेच कळलं. ग्लुटेन हा शब्द कुणाला माहीत नसेल, पण एखादी वस्तू दुसरीला लागू द्यायची नाही म्हणजे काय, हे आपल्याकडच्या प्रत्येक स्वयंपाक्याला पाठ आहे.

बाहेरचं पहिलं खाणं म्हणूनच २९ जून २०२३, आषाढी एकादशीला खाल्लं. उपासाच्या पदार्थांत धान्य नाही आणि फोडणीत हिंगही नाही, तूप-जिरं असतं. (हिंगात गव्हाचं पीठ असतं हे मला नंतर कळलं, ते पुढे येईल.) साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस: यातल्या कशातच गव्हाचा संबंध नाही आणि प्लेट ४० ते ६० रुपयांत मिळते. मात्र दिवस बघायचा. एरवी साबुदाणा वडा ज्या कढईत तळतात त्याच कढईत समोसा, कचोरी आणि ब्रेड पकोडाही पडतो. तळणाच्या उष्णतेने ग्लुटेन नष्ट होत नाही, ते तेलात उतरून पुढच्या घाण्याला लागतं. एकादशीच्या सकाळी चांगला दुकानदार तेल नवं घालतो, कढई वेगळी काढतो, झारा वेगळा ठेवतो, कारण गिऱ्हाईक विचारणार हे त्याला माहीत असतं. म्हणून साबुदाणा वडा खायचा तर एकादशीला, सकाळी दहाच्या आत. इतर दिवशी फक्त खिचडी, तीही पातेल्यातून वेगळ्या चमच्याने वाढलेली. बाजूच्या पोह्यांच्या चमच्याने नको, कारण पोह्यांच्या फोडणीत हिंग असतो.

खोटं बोलून 'मला उपास आहे' असं सांगायची गरज नाही, आणि सांगू नये, कारण त्याच टेबलावर नंतर इडली मागवली तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही. मी म्हणते, 'उपासाचं जसं वेगळं ठेवता ना, तसं मला गव्हाचं चालत नाही. औषधच आहे ते.' एका काकांनी विचारलं, 'कसला उपास?' म्हटलं, 'गव्हाचा. कायमचा.' त्यांनी हात धुऊन वाढलं. सॅनिटायझरने ग्लुटेन जात नाही, साबण-पाण्यानेच जातं, म्हणून हे हात धुणं महत्त्वाचं.

२०२३ साली अधिक श्रावण होता. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक आणि १७ ऑगस्टपासून निज, म्हणजे दोन महिने सगळीकडे उपासाची पाटी. नवशिक्याला याहून चांगली शाळा मिळाली नसती. याच काळात उडपी हॉटेलांकडे वळले, आणि फसले ते तिथेच.

उडप्याकडचा हिशेब वरवर सोपा दिसतो: इडली-डोसा तांदूळ-उडदाचा, म्हणून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक पदार्थाची वेगळी चौकशी लागते. इडली सर्वांत सुरक्षित, पण 'रवा इडली' वेगळी आणि 'इडली रवा' वेगळा. दुसरा तांदळाचा असतो. वेटरला 'रवा आहे का' विचारलं आणि इडली रव्याचं पीठ असेल तर तो प्रामाणिकपणे 'हो' म्हणेल आणि तुम्ही चांगली इडली सोडून याल. म्हणून विचारायचं, 'तांदळाचा की गव्हाचा?' मेदूवडा टाळते, कुरकुरीतपणासाठी त्यात रवा घालणारे आहेत आणि तेलही सामाईक. डोशाचा तवा ही खरी अडचण. रवा डोशाच्या पिठात रवा आणि मैदा दोन्ही असतात. तो त्याच तव्यावर होतो आणि मध्ये फक्त पाणी मारून झाडूने पुसतात. सकाळी हॉटेल उघडताच पहिला डोसा तुमचा असेल तर ठीक, अकरा वाजता नाही. जिथे रवा डोसा मेन्यूतच नाही अशी छोटी हॉटेलं शोधावीत. ती स्वस्तही असतात.

जुलै आणि ऑगस्टमध्ये आठवड्यातून तीन-चार वेळा इडली-सांबार खाल्लं, ४० ते ५० रुपयांत. पोटाला काही झालं नाही. ऑगस्टअखेरचा टीटीजी ९१. मे महिन्यात ९६ होता. तीन महिन्यांत पाच अंक. डॉक्टर म्हणाले, 'कुठून तरी रोज जातंय. काय खाता ते लिहून काढा.'

दोन आठवड्यांची वही आहारतज्ज्ञ बाईंनी पाहिली आणि एकाच शब्दाखाली रेघ मारली: सांबार. हिंग. बाजारातला पिवळा हिंग म्हणजे बांधणी हिंग. अस्सल हिंग फार उग्र, म्हणून तो डिंक आणि पिठात मिसळतात. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं किंवा मैदा, क्वचित तांदळाचं. डबीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खडा हिंग म्हणजे शुद्ध, हाही गैरसमज. खडाही बांधणी असू शकतो.

चिमूटभराने काय होतं, असं मलाही वाटलं होतं, म्हणून हिशेब मांडला. वीस वाट्या सांबाराला एक चमचा, म्हणजे तीनेक ग्रॅम हिंग. निम्मं गव्हाचं पीठ धरलं तर दीड ग्रॅम. पिठात साधारण दहावा हिस्सा ग्लुटेन, म्हणजे १५० मिलीग्रॅम. वाटीला सात-साडेसात मिलीग्रॅम. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा यंत्रणेच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर किलोला २० मिलीग्रॅमच्या आत असावं लागतं. आपली दीडशे ग्रॅमची वाटी किलोच्या मापाने ५० वर जाते. दिवसाला एकूण १० मिलीग्रॅमपर्यंत बहुतेकांना सोसतं, रोज ५० गेलं तर आतड्याला इजा दिसते. दोन वाट्या सांबार, फोडणीची चटणी आणि संध्याकाळी कुणाकडे तरी वरण-भात, असा दिवस गेला तर १० केव्हाच ओलांडले जातात. एकदाच खाल्लं तर कदाचित खपून जाईल, मी रोज खात होते.

तेव्हापासूनचा नियम: इडली त्यांची, चटणी आपली. शेंगदाण्याची कोरडी चटणी छोट्या डबीत पर्समध्ये असते. वर हॉटेलातलं दही किंवा तूप घ्यायचं. पांढरी चटणी बिनफोडणीची मिळाली तर उत्तम. सकाळी फोडणी पडायच्या आधी गेलं तर मिळते. गनपावडर म्हणून जी कोरडी चटणी देतात तिच्यातही हिंग असतो. गोडा मसाला, काळा मसाला, ताकाचा मसाला, जलजीरा, उडदाचा पापड, ढोकळा, पिठलं या सगळ्यांत तो आहे. १९९५ साली राज्यात एक रुपयात झुणका-भाकर मिळायची. आमच्यासारख्यांसाठी याहून सोयीचं सरकारी जेवण सुचणं अवघड, फक्त झुणक्याची फोडणी विचारावी लागली असती.

सप्टेंबरमध्ये कार्ड बनवलं. तोंडी सांगताना वेटर अर्धं ऐकतो आणि भटारखान्यात पाव पोहोचतं. कार्ड आत जातं. पुठ्ठ्यावर छापून लॅमिनेट केलं, तीन प्रतींना ९० रुपये. मजकूर असा:

'मला गहू, मैदा, रवा, दलिया, शेवया, पाव, जव, ओट्स अजिबात चालत नाहीत, थोडेसेही नाही. हिंग आणि सोया सॉसही नको. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, डाळी, बटाटा, साबुदाणा, दूध, अंडी, मासे, मटण चालते. समोसा-पुरी तळलेल्या तेलात तळू नका. तवा, पळी, हात धुऊन घ्या. ही आवड नाही, आजार आहे.'

मागच्या बाजूला हेच हिंदीत, तिथे रव्याला सूजी लिहायचं. उडप्याच्या भटारखान्यात कानडी माणूस असेल तर 'गोधी बेडा' एवढं म्हटलं तरी चेहरा बदलतो. ग्लुटेन हा शब्द कार्डावर मुद्दाम नाही. तो लिहिला की समोरचा 'हो हो, ग्लुटेन फ्री आहे, ज्वारीचं आहे' म्हणतो आणि त्या ज्वारीत निम्मी कणीक असते. 'खपली गव्हाचं आहे, चालेल' हे तर आठवड्याला एकदा ऐकते. खपली हा गहूच. पचायला हलका असेल, ग्लुटेन त्यातही आहे. मल्टिग्रेन, लापशी, सातूचं पीठ हेही त्याच यादीत.

मोठ्या साखळी हॉटेलांत एक कायदेशीर आधार आहे. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना एफएसएसएआयच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पदार्थांतल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते आणि त्यांत ग्लुटेन असलेली धान्यं पहिली आहेत. काउंटरवर 'अ‍ॅलर्जन चार्ट दाखवा' म्हणायचं. काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं, मॅनेजरला असतं. पण चार्ट पदार्थात काय घातलं ते सांगतो, शेजारच्या तव्यावरून काय उडालं ते सांगत नाही. शिवाय त्या जेवणाला ३०० रुपये लागतात. वर्षात तिथे तीनदाच गेले.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये फिरतीवर खानावळी सुरू केल्या. सोलापूर, मराठवाडा, नगर या बाजूला ज्वारीची भाकरी मिळायला अडचण नाही. अडचण तीन ठिकाणी येते. पहिली, पीठ. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते. घरची बाई अशा वेळी उकळतं पाणी घालून पीठ मळते, घाईतला खानावळवाला मूठभर कणीक टाकतो. म्हणून 'भाकरी कशाची' याऐवजी 'विरीला कणीक घालता का' असं विचारायचं. हा प्रश्न जाणकाराचा वाटतो आणि उत्तर खरं मिळतं. दुसरी, तवा. पोळ्या आणि भाकऱ्या एकाच तव्यावर होत असतील तर पोळीला लावलेली पिठी तव्यावर जळून राहते. चुलीवर भाकरी करणाऱ्या बायका सहसा फक्त भाकरीच करतात, तिथे जावं. तिसरी, परात. एकीत कणीक आणि दुसरीत भाकरीचं पीठ असेल तर ठीक.

दर भागाची एखादी जागा सापडते. जळगावकडे कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत: ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत भाजलेलं. शेजारची बट्टी मात्र गव्हाची. कोल्हापुरात सुकं मटण, रस्सा आणि ज्वारीची भाकरी. इथे कांदा-लसूण मसाल्यात हिंग आहे का एवढं विचारावं. मटणाच्या थाळीला २५० च्या पुढे लागतात, म्हणून ते महिन्यातून एकदा.

थाळीत पैसे वाया जातात. चपात्या सोडल्या तरी दर तोच. 'राईस प्लेट' मागावी, नाहीतर 'चपातीऐवजी भात वाढवा' असं ऑर्डर देतानाच सांगावं, बिल आल्यावर नव्हे. दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीतही दोन चपात्या सोडल्या तर भात, वरण आणि भाजी उरते. वरणाच्या फोडणीचं विचारलं तर पोटभर होतं.

सरळ सोडून दिलेल्या गोष्टी: चायनीजची गाडी, कारण सोया सॉस गव्हाचा आणि कढई एकच. पंजाबी तंदूर, कारण त्याच भट्टीच्या भिंतीला नान चिकटवतात. दम बिर्याणीचं तोंड कणकेने बंद करतात, हे लक्षात यायला वेळ लागला. भेळेत पुरी घालू नका म्हटलं तरी भेळवाल्याचा हात दिवसभर पुऱ्या चुरतो. कुल्फी चालते, पण घट्टपणासाठी ब्रेड घालणारे आहेत.

डिसेंबरमध्ये आतेभावाचं लग्न. लग्नाच्या पंगतीत कुरडई हा छुपा शत्रू आहे. कुरडई गव्हाच्या चिकाची, आणि पापड-कुरडया एकाच तेलात तळतात, त्यामुळे पोह्याचा पापडही गेला. खिरीत गव्हले असतात. अळूच्या भाजीला बेसन लावतात, ते चालतं, पण त्यात कणीक मिसळली आहे का हे आचाऱ्यालाच ठाऊक. दोन दिवस आधी आत्याने आचाऱ्यांचा फोन दिला. त्यांना म्हटलं, 'महाराज, मसालेभातात हिंग घालायच्या आधी एक वाटी पांढरा भात बाजूला काढून ठेवाल का, आणि बिनफोडणीचं वरण?' ते म्हणाले, 'नैवेद्याचं पान काढतोच की, तुमचंही काढतो.' एका शब्दाचाही खुलासा करावा लागला नाही. वाढप सुरू व्हायच्या आधी आत जाऊन जेवले, कारण बुफेच्या काउंटरवर पंधरा मिनिटांत पुरीचा चमचा भातात गेलेला असतो. प्रसादाचा शिरा डोळ्यांना लावून शेजारच्या मुलाला दिला.

जानेवारी २०२४ मध्ये कोकण आणि गोवा, सहा दिवस. रेल्वेसाठी दशम्या केल्या: दुधात भिजवलेल्या ज्वारीच्या, तूप लावून. पाण्यातली भाकरी संध्याकाळी कडक होते, दशमी दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते. सोबत चटणी, केळी, राजगिरा वडी. स्टेशनवर आणि एसटी स्टँडवर भरवशाचं म्हणजे उकडलेली अंडी, भाजलेलं कणीस, फुटाणे, शेंगदाणे, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. तीस रुपयांत भूक भागते.

किनाऱ्यावर जीव सैल झाला. मालवणी माशाच्या आमटीत नारळ, कोकम, तिरफळ असतं, पीठ नाही, बहुतेक घरांत हिंगही नाही. भात, आमटी, सोलकढी आणि तांदळाची भाकरी किंवा घावन, २०० ते २५० रुपयांत पोटभर. धोका तळलेल्या तुकडीत. सुरमई, बांगडा, बोंबील रव्यात घोळवतात. 'रवा नको, तांदळाचं पीठ लावा' म्हटलं की लावतात, पण तव्यावरचं तेल आधीच्या रव्याचं असतं. तवा धुऊन घेणार असतील तरच घ्यावं, नाहीतर आमटीतली तुकडी. कोंबडीबरोबरच्या वड्यांच्या पिठात काही जण गहू घालतात, काही नाही. ज्या बाईने पीठ दळून आणलं तिलाच विचारायचं. गोव्यात शीत-कडी हाच आधार. पोई गव्हाची, बेबिंकाही मैद्याचा. रोस ऑम्लेट पावाशिवाय मागितलं तर गाड्यावरचा माणूस गोंधळतो, पण देतो. वाटी आपली पुढे करावी, कारण प्लेटवर पावाचा चुरा असतो. बिअर जवाची, म्हणून नाही. फेणी काजूची किंवा माडाची, ती चालते.

फेब्रुवारी २०२४ चा टीटीजी १४. हिंग बंद केल्यापासून साडेपाच महिने. डॉक्टरांनी पुढची तपासणी वर्षाने सांगितली आणि लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तेव्हाच पाहू म्हणाले. आता बाहेर खाण्यावर महिन्याला साधारण १,२०० ते १,५०० रुपये जातात, निदानाआधीही एवढेच जात होते. पाकीटबंद ग्लुटेन फ्री ब्रेड आणि बिस्किटं मात्र दोनदाच घेतली. लहानशा ब्रेडला २०० च्या पुढे मोजायचे आणि चव पुठ्ठ्याची.

मिसळ अजून पूर्ण जमलेली नाही. फरसाणात पापडी असते, पापडीत मैदा, आणि फरसाण बाहेरून आलेलं असल्याने मालकालाही त्यात काय ते सांगता येत नाही. ऑफिसजवळच्या एका छोट्या दुकानात कटाला हिंग पडत नाही, मसाला घरचा आहे, डबा उघडून त्यात काय काय ते मालकाने मोजून दाखवलं. तिथे सकाळी आठला जाते. मोड आलेली मटकी, कट, कांदा, लिंबू त्यांचं. बेसनाची शेव घरची, दशमी घरची. पूर्ण प्लेटचे सत्तर होतात, ते माझ्याकडून चाळीसच घेतात. मागच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, शेव त्यांच्याकडेच एका बरणीत वेगळी ठेवून जाऊ का. बरणी न्यायची आहे, झाकणावर नाव लिहून.